अंधारात किती दाखवते?

आमचे विज्ञानाचे सर प्रयोगशाळेपेक्षा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जास्त रमत. तिथूनच त्यांनी ओसी ७१ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओतला करंट वाढवणारा सुटा भाग, आणला. काचेची इवलीशी नळी, वर काळा रंग. ब्लेडने रंग खरवडून म्हणाले, "घे, आता याले दिसते." खिडकी उघडली की मीटरचा काटा उडे, हात आड धरला की पडे. असा प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे फोटोट्रान्झिस्टर, १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन शाइव्ह यांनी बनवला, हे मला पुष्कळ पुढे कळलं. आम्हाला तो अकोल्यातलाच वाटे.

सरांचा खरा खेळ मात्र निराळा. ट्रान्झिस्टर डब्यात बंद करून ते विचारत, "अंधारात किती दाखवते, पयले ते सांग." जानेवारीत काटा खाली बसे. एप्रिलात सकाळच्या शाळेतही, त्या पत्र्याखाली, तो वरच लोंबकळे. थंडीत नुसता चिमटीत धरला तरी हले! उजेडाने स्फटिकातले इलेक्ट्रॉन सुटतात, तसेच उष्णतेनेही सुटतात. ट्रान्झिस्टर दोन्ही सारखेच मोजतो आणि वर गुणून, म्हणजे कित्येक पट वाढवून, दाखवतो. जर्मेनियम यात फारच हळवं. सिलिकॉनमध्येसुद्धा हा अंधारातला करंट, म्हणजे डार्क करंट, साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो, म्हणजे २५ वरून ८५ अंशांवर गेलात की ६४ पट.

पुढे सेन्सर तपासणं हाच माझा व्यवसाय झाला. नग ओव्हनमध्ये, जंक्शनला (आतल्या दोन थरांच्या सांध्याला) उलटं व्होल्टेज, सलग १००० तास. तापल्यामुळे वाढलेला डार्क करंट थंड झाल्यावर उतरतो, त्याची चिंता नाही. उतरला नाही तर खोदावं लागतं. कधी पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमधले सोडियमचे आयन उष्णतेने आणि व्होल्टेजने सरकलेले असतात. असा नग व्होल्टेज काढून पुन्हा भाजला की चक्क सुधारतो! नवीन मुलांना हे पटतच नाही. मी तरीही तो बाद करतो, कारण कामावर लावला की तो पुन्हा बिघडणार.

एमिटरच्या (ट्रान्झिस्टरच्या एका कडेच्या थराच्या) जंक्शनला उलट्या व्होल्टेजचा तडाखा बसला असेल तर प्रकरण जास्त फसवं. गुणन कमी होतं, तेही मुख्यतः कमी करंटला. लख्ख उजेडात नग ठणठणीत, मंद उजेडात जवळजवळ आंधळा. घाईत तपासणारे इथेच फसतात.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला सिलिकॉनचे काही फोटोट्रान्झिस्टर पाठवतो आहे. दोनच पाय आहेत. बेसचा, म्हणजे मधल्या थराचा, पाय बाहेर काढलेला नाही, त्यामुळे उजेड नसताना झिरपणारा गळती करंटही गुणूनच दिसेल. बऱ्याच नगांची मर्यादा ३० व्होल्टच्या आसपास असते, तरी माहितीपत्रक आधी बघा आणि करंटला आवर घालणारा रेझिस्टर जोडल्याशिवाय बॅटरी लावू नका. तापला की गुणन वाढतं, त्याने करंट वाढतो, करंटने तो आणखी तापतो. एखादा जळलाच तर कळवा, पाकिटात जास्तीचे टाकले आहेत.