शिंद्यांची लेक, धौलपूरची सून

पुण्यात वसुंधरा राजेंचं नाव निघालं की लोक विचारतात, "त्या राजस्थानच्या महाराणी ना?" माझं माहेर ग्वाल्हेरचं, लष्कर भागातलं. आमच्या घरी त्या राजस्थानच्या कधी नव्हत्याच. जिवाजीराव महाराजांची मुलगी, राजमाता विजयाराजेंची लेक, माधवराव शिंद्यांची बहीण, एवढीच त्यांची ओळख. त्यांच्या राजकारणाकडे मी त्याच नजरेने बघते. ग्वाल्हेरने त्यांना नाव दिलं, जागा मात्र दिली नाही.

जन्म 1953 चा. संस्थान त्याआधीच मध्य भारतात विलीन झालं होतं. 1961 मध्ये महाराज गेले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पुढे 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. मतपेटीचं महत्त्व राजमातांनी मात्र फार आधी ओळखलं होतं. 1957 मध्ये त्या काँग्रेसकडून गुण्याहून लोकसभेत गेल्या आणि दहा वर्षांनी काँग्रेस सोडून त्यांनी मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं. 1971 मध्ये गुण्याहून मुलगा खासदार झाला. लेकींचा तेव्हा विषयच नव्हता.

1984 ची निवडणूक आमच्या गल्लीत अजून निघते. ग्वाल्हेरमध्ये काँग्रेसचे माधवराव विरुद्ध भाजपचे अटलजी! आजी महालाकडे बघून मत देणारी, वडील शाखेत वाढलेले. जेवताना दोघं एकमेकांशी बोलेनात. माधवराव दणदणीत निवडून आले. त्याच वेळी शेजारच्या भिंडमध्ये वसुंधरा राजे भाजपकडून उभ्या होत्या आणि पडल्या. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट होती, त्यामुळे पडण्यात नवल नाही. पण आमच्याकडे त्या पराभवाची कोणाला आठवणही नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं.

पुढच्याच वर्षी त्या धौलपूरहून आमदार झाल्या. धौलपूर म्हणजे सासर, जाटांचं राजघराणं. 1972 मध्ये लग्न झालं आणि ते फार टिकलं नाही. आमच्याकडे अशी लेक मुकाट्याने माहेरी परत येते. यांनी नवऱ्याचं घर सोडलं, पण त्याचा मुलूख सोडला नाही. 1989 मध्ये तर ना माहेरचं ना सासरचं असं झालावाड निवडलं आणि तिथून लागोपाठ पाच वेळा लोकसभा जिंकली. वाजपेयींच्या सरकारात मंत्रीही झाल्या.

2003 मध्ये परिवर्तन यात्रा काढून त्या राजस्थानभर फिरल्या. राजपुतांची बेटी, जाटांची बहू, गुर्जरांची समधन, असं स्वतःचं वर्णन करत. (सून समथरच्या गुर्जर राजघराण्यातली.) जातीचं गणित इतक्या उघडपणे नात्यांत मांडणं मला खटकतं, पण ते जमलं. 200 पैकी 120 जागा मिळाल्या आणि राजस्थानला पहिली महिला मुख्यमंत्री मिळाली. 1790 मध्ये राजस्थानातल्या पाटणच्या लढाईत महादजी शिंद्यांच्या फौजेने जयपूर-जोधपूरच्या सैन्याचा धुव्वा उडवला होता. त्याच शिंद्यांची मुलगी जयपुरात मतांवर राज्य करायला बसली, याची मौज मराठी वर्तमानपत्रांनी त्या वेळी नीट घेतलीच नाही.

राज्य कसं केलं? संमिश्र. बाईच्या नावावर बँक खातं उघडणारी भामाशाह योजना मला मनापासून आवडली. पण गुर्जर आंदोलनात 2007-08 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. 2013 मध्ये 163 जागा मिळाल्यावर महालाची हवा डोक्यात शिरली की काय, असं वाटण्यासारखे निर्णय झाले. सरकारी नोकरांना चौकशीपासून संरक्षण देणारा 2017 चा वटहुकूम त्यातलाच. ओरड झाल्यावर तो गुंडाळावा लागला. "मोदी तुझसे बैर नहीं, वसुंधरा तेरी खैर नहीं" ही 2018 ची घोषणा उगाच नव्हती. जागा 73 वर आल्या.

डिसेंबर 2023 मध्ये पक्ष पुन्हा जिंकला. जयपूरच्या बैठकीत राजनाथसिंहांनी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मांचं नाव मुख्यमंत्री म्हणून त्यांनाच वाचायचं होतं. तो व्हिडिओ मी आईला दाखवला. आई म्हणाली, "राजमाता असत्या तर चिठ्ठी तिथेच फाडली असती." फाडली असती का, कोण जाणे! राजमातांना पक्ष सोडून दुसरा उभा करणं परवडत होतं.

झालावाडमधल्या झालरापाटणच्या आमदार त्या आजही आहेत. झालावाडची लोकसभा 2004 पासून मुलाकडे आहे, आईसारखाच तोही पाच वेळा निवडून आलाय. ग्वाल्हेरने लेकीला दिली नाही ती जहागीर तिने झालावाडला स्वतः उभी केली आणि रीतसर मुलाच्या नावावरही करून टाकली.