तुम्ही विचारलंत म्हणून : बिल्ड टूलमध्ये अजून लिंक्ड लिस्ट कशाला?

गेली काही वर्षे मी गुहागरच्या घरी बसून सी भाषेत एक छोटे बिल्ड टूल लिहितो आहे. कोणती फाईल बदलली, तिच्यावर आणखी काय अवलंबून आहे आणि म्हणून काय काय पुन्हा कंपाईल करायला (यंत्राच्या भाषेत बदलायला) हवे, एवढेच ते ठरवते. त्याचा कोड वाचणारा प्रत्येक तरुण, मग तो रत्नागिरीला इंजिनीअरिंग शिकणारा असो की गणपतीला पुण्याहून आलेला भाचा असो, हटकून विचारतो, "यात जिकडेतिकडे लिंक्ड लिस्ट कशाला? अ‍ॅरे वेगवान असतो ना?"

असतो. अ‍ॅरेत घटक मेमरीत एकमेकांना लागून असतात, लिंक्ड लिस्टमध्ये ते विखुरलेले असतात आणि प्रत्येक घटकाजवळ पुढच्याचा पत्ता असतो. घाटावरच्या गावात घराला घर लागून असते, त्यामुळे पोस्टमन एका गल्लीत शिरला की वीस पत्रे वाटूनच बाहेर पडतो. आमच्याकडे प्रत्येक घर आपापल्या आगरात, आणि पुढचे घर कुठे ते या घरी विचारावे लागते. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी बहुधा ६४ बाइटांचा तुकडा उचलतो. अ‍ॅरे असेल तर त्या तुकड्यातून पुढचे घटकही आयते येतात, लिस्टमध्ये ते येतीलच असे नाही. शिवाय ६४-बिट यंत्रावर प्रत्येक दुव्यापायी ८ बाइट जातात ते वेगळेच. परंतु बिल्ड टूलचा वेळ खर्च होतो तो कंपायलरच्या प्रोसेस सुरू करण्यात आणि शेकडो फायलींच्या बदलाच्या वेळा ऑपरेटिंग सिस्टीमला विचारण्यात. एका टार्गेटच्या, म्हणजे बनवायच्या फाईलच्या, दहापंधरा अवलंबनांची लिस्ट चालून जाण्याचा खर्च मला प्रोफायलरमध्ये (कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या साधनात) शोधूनही सापडलेला नाही.

माझे खरे कारण पत्त्याचे आहे. पहिल्या आवृत्तीत मी सगळी टार्गेटे एका वाढत्या अ‍ॅरेत ठेवली होती आणि प्रत्येक टार्गेटच्या अवलंबनांत त्या अ‍ॅरेतल्या जागांचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, होते. सुरुवातीची जागा २५६ टार्गेटांची होती. चाचण्या लहान असल्याने सगळे सुरळीत चालले होते. एका मित्राच्या प्रकल्पात २५७ वे टार्गेट आले तेव्हा रिअ‍ॅलॉकने (मेमरीतली जागा वाढवून देणाऱ्या सीच्या फंक्शनने) सगळा अ‍ॅरे उचलून दुसरीकडे नेला आणि आधी साठवलेले पॉइंटर सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहिले. त्या जागेत जुना मजकूर कधी कधी तसाच असे, त्यामुळे टूल दहातून सात वेळा बरोबर चाले, आणि हीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती. पावसाळ्यात वीज येत-जात असताना दोन रात्री मी चुकीच्या फंक्शनकडे बघत बसलो. शेवटी मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला तेव्हा त्याने पहिल्याच खेपेस ओळ क्रमांकासह चूक दाखवली.

पॉइंटरऐवजी क्रमांक साठवावेत, हा उपाय चोख आहे, हे मला मान्य आहे. मात्र मग तो अ‍ॅरे प्रत्येक फंक्शनच्या हाती द्यावा लागतो. लिस्टमधला घटक एकदा जिथे बसला तिथून हलत नाही. सी++मध्ये लिहिलेले निंजा हे बिल्ड टूल व्हेक्टर (वाढता अ‍ॅरे) वापरते, हे उदाहरण मला नेहमी दिले जाते, पण त्या व्हेक्टरांत पॉइंटर असतात. व्हेक्टर सरकला तरी नोड (फाईलची नोंद) आपल्या जागीच राहतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये मेक हे बिल्ड टूल लिहिले. त्याच परंपरेतल्या ग्नू मेकमध्ये अवलंबने आणि चालू असलेल्या प्रोसेस आजही 'पुढचा' पॉइंटर धरूनच ओवलेल्या आहेत.

चालू कामांची यादी तर लिस्टसाठीच जन्माला आली असावी. आठ कामे एकदम चालू असतील तर ती कोणत्याही क्रमाने संपतात, आणि मधलेच एखादे काढावे लागते. अशा वेळी मी मागचा घटक लक्षात ठेवत नाही, तर सध्याच्या घटकाकडे नेणारा पॉइंटर जिथे ठेवला आहे त्या जागेचा पत्ता ठेवतो. मग काढायचा घटक पहिला असो वा मधला, त्या जागेत पुढच्याचा पत्ता लिहिला की काम झाले, आणि 'पहिला असेल तर' ही अट लिहावीच लागत नाही. घटकांसाठी मेमरी मोठ्या ठोकळ्यांतून ओळीने घेतो, त्यामुळे आमची ही विखुरलेली वाडीसुद्धा बरीचशी रांगेत येते.

नावावरून टार्गेट शोधायलाही मी एकदा लिस्टच ठेवली होती, आणि तो निव्वळ आळस होता. दोन हजार नावांच्या प्रकल्पात प्रत्येक नावासाठी सगळी लिस्ट पालथी घातली जात होती. ते भाच्याने दाखवून दिले आणि तिथे आता हॅश टेबल, म्हणजे नावावरून थेट खण सांगणारी रचना, आहे. त्याच्या एकेका खणात गर्दी करणारी नावे मात्र लिस्टनेच जोडलेली आहेत, आणि तो कोड भाच्याचा आहे.