आबा पलटणीत का गेले

माझ्या मुलाला पंधरा ऑगस्टसाठी ‘आमच्या घरातले स्वातंत्र्यसैनिक’ यावर पाच ओळी लिहून न्यायच्या होत्या. मी चुलत आजोबांचं, म्हणजे तात्यांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “आबांचं का नाही? फोटोत बंदूक तर आबांच्याच हातात आहे.”

आता आली पंचाईत. तात्या 1943 पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारात (लोक त्याला पत्री सरकार म्हणत), त्याच्या तुफान सेना या दलात. आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ, माझे आजोबा आबा, त्याच वर्षी इंग्रजांच्या फौजेत, इटलीत. आमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. एकाच वाड्यातून दोन पोरं दोन दिशांना गेली. दोघांनाही कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हतीच. तरी शेवटी शेवटी पंचवीस लाख माणूस फौजेत होतं.

“का गेलात?” हे मी आबांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चौथीत होते. आबा म्हणाले, “बुटासाठी.” मला ती थट्टा वाटली. पण खरंच, एकोणीस वर्षांच्या त्या माणसाच्या पायात तोवर वहाणसुद्धा धड नव्हती. 1941 साली, भात कापून झाल्यावर, बाजाराच्या दिवशी एक पेन्शनर हवालदार फेटा बांधून आला. चावडीपुढं पोरं उभी केली, उंची बघितली, छाती मोजली, पाय बघितले. पगार सोळा-अठरा रुपये, वर खाणं, कापड आणि बूट. आबा चार भावांत तिसरे, जमीन साडेतीन एकर, त्यातली दीड सावकाराकडं. बेळगावच्या सेंटरात दोन वेळचं पोटभर मिळायला लागलं आणि चार महिन्यांत अंगावरचा सदरा तटतटायला लागला, हे ते म्हातारपणीही कौतुकानं सांगायचे. मला वाटतं, भरतीच्या गोष्टी सांगताना आपण तलवारी आणि पोवाडे फार आणतो, ताटाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसऱ्यांदा मी कॉलेजात होते. नुकतीच थोडी पुस्तकं वाचलेली, त्यामुळं जरा चढूनच विचारलं, “देश पेटलेला असताना इंग्रजांची चाकरी केलीत ना तुम्ही?” आजी आतून ओरडली, “जिभेला हाड हाय का तुझ्या?” आबा मात्र चिडले नाहीत. म्हणाले, “तवर म्या इंग्रज बघितलाच नव्हता, बाय. सावकार रोज बघत हुतो.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्यांची मनीऑर्डर दर महिन्याला घरी यायची. त्याच पैशाची जोंधळ्याची पोती गोठ्यामागच्या खोलीत रचलेली असत. आणि तात्या भूमिगत असताना रात्री-अपरात्री येऊन त्याच खोलीत झोपायचे, तीच भाकरी खायचे. शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली त्या जूनमध्येही ते तिथं दोन रात्री होते म्हणे. “इंग्रजाच्या पगारावर पत्री सरकार पोसलं की आमी,” असं म्हणून आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दोघा भावांत यावरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. तात्यांना पुढं ताम्रपट आणि सन्मान पेन्शन मिळाली. आबांची नोकरी पेन्शनीपुरती भरली नव्हती, 1946 ला घरी पाठवलं. तात्या पेन्शनीच्या दिवशी आबांसाठी तंबाखूची पुडी आणायचे, तेवढंच.

आबांची पलटण पहिली मराठा, जंगी पलटण. सप्टेंबर 1943 मध्ये ती इटलीतल्या तारांतो बंदरात उतरली. पुढं 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी ज्या कामगिरीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला, ती ह्याच पलटणीतली. जखमी असताना बांधावर चढून त्यांनी शिवाजी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली होती. कुणी कौतुकानं विचारलं की आबा म्हणायचे, “आमी मागं हुतो. नुस्ती आरोळी ऐकली.”

तिसरं उत्तर 2003 मधलं, ते जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. या वेळी मी विचारलंही नव्हतं. ओसरीवर मी त्यांच्या पायाला तेल लावत होते आणि ते आपले आपणच बोलायला लागले.

वरच्या आळीतला त्यांचा जोडीदार होता. जायचं ते त्याच्या डोक्यात होतं, आबांच्या नव्हे. बोट बघायची, मुलूख बघायचा, घरात बापाशी रोजची कटकट. आबा त्याच्या सोबतीला म्हणून चावडीवर गेले. माप घेतलं तर आबा पास आणि जोडीदार छातीत अर्धा इंच कमी. हवालदारानं त्याला बाजूला काढलं. एकट्यानं जायला आबांचा जीव होईना. पुढच्या बाजारी दोघं पुन्हा गेले. आदल्या रात्री आबांनी त्याला विहिरीच्या काठावर उभं करून श्वास कसा कोंडून धरायचा ते शिकवलं, दोरीनं छाती मोजत, पुन्हा पुन्हा. हवालदारानंही बहुतेक डोळेझाक केली. माणसामागं त्याला काहीतरी मिळत असावं, असं आबांना वाटायचं.

1943 च्या नोव्हेंबरात, पावसानं सांग्रो नदी फुगलेली असताना, तो जोडीदार गेला. तिथल्या युद्धस्मशानात दहन झालेल्या हिंदी सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे, त्यावर पाचशेहून जास्त नावं आहेत.

आबा परत आल्यावर त्याची आई भेटायला आली. तिनं एवढंच विचारलं की शेवटी पोटभर जेवला होता का. आबा हो म्हणाले.

“आन् त्या अर्ध्या इंचाचं?” मी विचारलं.

“ते कुटं सांगू,” ते म्हणाले आणि पाय जवळ ओढून घेतला.