कामाकुराचा बुद्ध आतून पाहिला: योकोहामातला एक मोकळा रविवार

नोव्हेंबरच्या अखेरीला आम्ही चौघं शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून ग्राहकाच्या कामासाठी दहा दिवस योकोहामाला होतो. मधला एकच रविवार मोकळा होता. शनिवारी रात्री जेवताना यादी सुरू झाली: टोकियोतलं शिबुया, असाकुसा, स्कायट्री, जमलं तर खरेदी. मी मात्र योकोहामाजवळच्या कामाकुरा या जुन्या गावासाठी हट्ट धरला. आठवडाभर शॉपवर उभं राहिल्यावर सुट्टीच्या दिवशी पुन्हा टोकियोच्या स्टेशनांमधून धावण्यात मला अर्थ वाटत नव्हता. आणि ओतकामात आयुष्य घालवलेल्या माणसांनी तेराव्या शतकातलं एवढं मोठं कांस्याचं ओतीव काम पाहायचं नाही तर कुणी पाहायचं? आमचे मोल्डिंगचे सुपरवायझर (सगळी फाउंड्री त्यांना मामा म्हणते) लगेच म्हणाले, "बुद्धच बघायचा. ठरलं."

योकोहामाहून जेआर या रेल्वेच्या योकोसुका लाइननं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं, टोकियो स्टेशनहून साधारण तास लागतो. रेल्वेच्या भाड्याचं सुईका किंवा पास्मो कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, हे आम्हाला गेटपाशी कळलं आणि तिथंच एक गाडी चुकली. रविवारी कामाकुराला तुफान गर्दी होते, तेव्हा साडेआठच्या सुमारास तिथं असावं, आणि कामाकुराच्या आधीच्या किता-कामाकुरा या छोट्या स्टेशनवर उतरावं. बाहेर पडलात की दोन मिनिटांवर एंगाकुजी मंदिर. रेल्वेचे रूळ चक्क मंदिराच्या आवारातून गेले आहेत. १२८२ मध्ये, मंगोलांचं आक्रमण परतवून लावल्यावर, लढाईत मेलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी होजो तोकिमुने या सत्ताधीशानं हे मंदिर उभारलं. शत्रूच्या मृतांसाठीही! त्या मोठ्या लाकडी दरवाजाखाली आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे होतो. मेपलची पानं नुकती लाल होऊ लागली होती.

तिथून जोचिजी मंदिराच्या बाजूनं डोंगरातली पायवाट सुरू होते, ती थेट मोठ्या बुद्धाजवळ उतरते. रमतगमत दीड तास धरा. मुळांवरून आणि खडकांवरून चालायचं आहे, त्यामुळे ऑफिसचे बूट घालून येऊ नका. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चिखल असतो. वादळानंतर वाट कधीकधी बंद ठेवतात, म्हणून हॉटेलातच चौकशी करून निघा. गुडघे दुखत असतील तर ट्रेननं कामाकुराला जाऊन तिथून एनोदेन या छोट्या स्थानिक रेल्वेनं हासे स्टेशन गाठावं. बुद्ध तिथून दहा मिनिटं चालत.

वाटेत थोडं बाजूला झेनिआराई बेंतेन हे देवस्थान आहे, ते चुकवू नका. खडकातल्या बोगद्यातून आत शिरायचं, आणि पुढे गुहेत झरा. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती. चीनमार्गे जपानला गेली आणि तिथं तिचा पाण्याशी, सापाशी आणि पैशाशी संबंध जुळला. इथे सापासाठी अंडी ठेवतात. छोट्या टोपलीत नाणी-नोटा घालून झऱ्याच्या पाण्यात धुवायच्या, म्हणजे त्या वाढून परत येतात अशी श्रद्धा आहे. धुतलेले पैसे मात्र जपून न ठेवता चांगल्या कामाला खर्च करायचे. मामांनी जपानी नाण्यांबरोबर खिशातलं दहा रुपयांचं नाणंही धुतलं.

अकराच्या सुमारास कोतोकुइनमध्ये, म्हणजे मोठ्या बुद्धाच्या मंदिरात पोचलो. कामाकुराचा हा अमिताभ बुद्ध सव्वाअकरा मीटर उंच आहे, वजन सुमारे १२१ टन. काम सुरू झालं ते १२५२ मध्ये. पूर्वी त्याच्यावर लाकडी मंडप होता. तो वादळांत पडला, आणि गेली पाचशेहून अधिक वर्षं मूर्ती उघड्यावर बसलेली आहे. फोटोत दिसतो तो शांत चेहरा आणि हिरवी झाक. पण आमच्यासाठी खरी गोष्ट आत होती. मूर्ती पोकळ आहे आणि आत जाता येतं. त्याचे वेगळे ५० येन, तेही सुटे. एका वेळी थोडेच लोक सोडतात, त्यामुळे रांग असते, आणि आत जाणं बाहेरच्या आवारापेक्षा लवकर बंद होतं.

आत अंधार, धातूचा गारवा, आणि पाठीतल्या दोन खिडक्यांतून येणारा उजेड. बाहेरून जे घासूनपुसून लपवलं आहे ते सगळं आतून उघडं दिसतं. भिंतभर आडव्या-उभ्या जोडांच्या रेषा. मामांनी हात लावायला पुढे केला, मग पाटी बघून मागे घेतला आणि हलक्या आवाजात सांगू लागले, "पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) नव्हं ही. खालनं थर ओतत वर आणलंय. ह्या थराला कडेला पकड ठेवलीय, त्याच्यावर पुढचा ओतलाय. बघा की, सगळीकडं जोड एकासारखा न्हाई." खरोखरच तसंच आहे. जागा बघून जोडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती वापरल्या आहेत. आम्हाला एका पंपाच्या बॉडीत कोल्ड शट आला, म्हणजे ओतताना गार पडलेला धातू नीट एकजीव झाला नाही, तर सगळा लॉट परत येतो. इथे तर प्रत्येक जोड म्हणजे गार झालेल्या धातूवर वितळलेला धातू, आणि आठशे वर्षांजवळ आलं तरी तो धरून आहे. वर मान केली की गळ्याच्या आतून नंतर दिलेला आधार दिसतो. १९६०-६१ च्या दुरुस्तीत मान पक्की केली आणि भूकंपात मूर्ती बैठकीवर थोडी सरकू शकेल अशी सोय केली. आम्ही दोनदा रांग लावून दोनदा आत गेलो.

आवारात एक शिळा आहे, तिच्यापाशीही थांबा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) जे. आर. जयवर्धने यांनी जपानकडून नुकसानभरपाई नको असं सांगताना धम्मपदातलं वचन उच्चारलं होतं, वैरानं वैर शमत नाही हे. त्याची ती आठवण. भारतानंही १९५२ च्या स्वतंत्र करारात भरपाईवरचा हक्क सोडला होता.

जेवणाचं आधीच ठरवून ठेवा. शाकाहारी माणसाची इथे फार अडचण होते, कारण भाजीच्या साध्या सूपमध्येही दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो. आम्ही घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन समुद्रावर गेलो, आणि चूक केली. घारींपासून सावध राहा अशी पाटी होती, ती नीट वाचली नाही. मागून घार आली, माझ्या हातातली दशमी घेऊन गेली आणि बोटावर नखाचा लांब ओरखडा उठला. उघड्या किनाऱ्यावर खाऊ नका, छपराखाली बसा. आणि कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा, रस्त्यावर डबे जवळजवळ नाहीतच.

दुपारी हासेदेरा मंदिर. इथली अकरा मुखांची लाकडी कान्नोन नऊ मीटरहून उंच आहे. फोटो काढू देत नाहीत ते बरंच, नुसतं बघत राहता येतं. कान्नोन म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. आमच्या क्वालिटीतल्या मॅडमचं माहेर बोरिवलीचं. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्या कान्हेरीत आहे!" बरोबर आहे. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. लहानपणी सहलीला पाहिलेली मूर्ती इथे भेटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. खालच्या बाजूला मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या जिझोच्या शेकडो छोट्या मूर्ती रांगेनं उभ्या आहेत, जन्माला न आलेल्या किंवा लवकर गेलेल्या बाळांसाठी. तिथे हळू बोला आणि कॅमेरा खिशात ठेवा.

या दिवसांत साडेचारला सूर्य मावळतो, हे धरूनच दिवस आखा. आम्ही पुढचं एनोशिमा बेट सोडून दिलं आणि एनोदेननं दोन स्टेशनं पुढे इनामुरागासाकीला उतरलो. लोकांच्या घरांना खेटून जाणारी ती छोटी हिरवी गाडी १९०२ पासून धावते आहे. फुजिसावाकडे जाताना डाव्या हाताला बसा, समुद्र तिकडे. आकाश स्वच्छ होतं, पाण्यापलीकडे फुजीची काळी कड दिसली. परत जायला फुजिसावाहून जेआर पकडली.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मामांनी तिथल्या मोल्डिंगच्या वयस्कर कामगाराला बुद्धाच्या आतल्या जोडाची आकृती काढून दाखवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानं पेन घेतलं, मामांच्या आकृतीत पकडीचा आकार थोडा बदलला आणि शेजारी धातू ओतायच्या दिशेचा बाण काढला. तो कागद मामांनी घडी करून पासपोर्टात ठेवला.