परतीची वही : आमची वाटचाल

आमच्या कोल्हापुरी चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मामा, म्हणजे माझे सासरे, आधी त्याच्या पायाकडे बघतात. नंबर विचारतच नाहीत. पंजा रुंद आहे का, टाच कशी आहे, ते बघून दोन जोड पुढे टाकतात आणि त्यातला एक जातोच. चप्पल परत करायला आलेली माणसं त्यांना आजही एकेक करून आठवतात. मी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि पहिल्या दोन महिन्यांतच त्यांच्या आठवणीबाहेर जाईल एवढा माल परत आला. म्हणून मी परत आलेल्या मालाची वही घातली.

मी इचलकरंजीची, बी.कॉम. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा घरात कातडं कापणारे मामा, शिवणारा नवरा आणि वेणी घालणाऱ्या सासूबाई होत्या. हिशेब ठेवणारं कोणी नव्हतं. 2018 च्या दिवाळीआधी मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर खातं उघडलं. आमची उलाढाल वीस लाखांच्या आसपाससुद्धा नव्हती, पण तेव्हा ऑनलाइन माल विकायचा तर जीएसटी नंबर लागायचाच. तो काढला, घराच्या गच्चीवर उन्हात फोटो काढले आणि बारा नमुने टाकले.

पहिला जोड परत आला त्या पार्सलवर ‘आरटीओ’ असं छापलेलं होतं. मामा म्हणाले, “गाडीचं पासिंग हाय व्हय ह्ये?” कुरिअरवाल्याला दार बंद मिळालं किंवा कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यानं ऐन वेळी नको म्हटलं की माल तसाच फिरतो, तो आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’. त्यात भाडं बुडतं, भांडण नसतं. भांडण असतं ते गिऱ्हाइकानं खोका उघडून, चप्पल घालून बघून परत पाठवलेल्या जोडाचं.

परतीचं कारण गिऱ्हाईक यादीतून निवडतं. ‘साइज बसला नाही’ म्हटलं की बऱ्याचदा बदलूनच मिळतं. ‘माल खराब’ म्हटलं की थेट पैसे परत आणि जाण्यायेण्याचं भाडं आमच्या माथी. हुशार गिऱ्हाइकाला हे दुसऱ्या खेपेला कळतं. त्यामुळे पायाला आवळलेली चांगली चप्पल आमच्याकडे ‘खराब’ होऊन यायची. पैसे तर कुरिअरवाल्यानं पार्सल उचललं की लगेच परत जायचे, आमच्या पुढच्या हिशेबातून तेवढे कापले जायचे, आणि चप्पल दहा-बारा दिवसांनी यायची. आत काय निघेल ते नशीब.

एकदा रबरी स्लीपर निघाली, टाचेला झिजून भोक पडलेली. मी ऑनलाइन बाजाराच्या कंपनीकडे भरपाईचा क्लेम टाकला. उत्तर आलं, व्हिडिओ द्या. पुढच्या वेळी व्हिडिओ काढला, तर तो मध्ये थांबवून परत सुरू केला होता म्हणून फेटाळला. मग कळलं की पार्सलचं लेबल, न फोडलेली टेप, कापणं आणि आतला माल हे सगळं एका सलग व्हिडिओत दिसायला हवं. तेव्हापासून कॅमेऱ्याखाली पॅकिंग आणि कॅमेऱ्याखालीच फोडणं. कामगाराला हा त्याच्या इमानावर घेतलेला संशय वाटला, दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मामांनी त्यावर स्वतःची भर घातली. तळाच्या आतल्या कडेला ते एक बारीक फूल आणि जोडाचा नंबर ठोकायला लागले. फोटोत तो ठसा दाखवला की बदललेल्या मालाचं भांडण निम्मं तिथंच मिटतं.

पण हे व्हिडिओ सुरू होण्याआधीच मी फार चढले होते. माल परत करणारा प्रत्येक माणूस मला चोर दिसायला लागला होता. आणि त्या गुर्मीत ती नागपूरची केस झाली.

एका माणसानं लग्नासाठी आठ नंबरचा जोड मागवला होता. खोका उघडला हळदीच्या दिवशी, तोवर परतीची मुदत उलटून गेलेली. त्याची तक्रार होती की दोन्ही चपला डाव्या पायाच्या आहेत. मुदत गेल्यामुळे कंपनीनं आमचं म्हणणं मागवलं. मी ठोकून लिहिलं की आमच्याकडे जोड तपासूनच भरला जातो. दुसऱ्या कुठल्या जोडातली डावी चप्पल शेजारी ठेवून फोटो काढला असणार, असाही शेरा मारला. तेव्हा व्हिडिओ सुरू झाले नव्हते, पण आधीचा रागच पुरेसा होता. निकाल आमच्या बाजूनं लागला. चौदाशे रुपये वाचले म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

मार्चअखेरीला स्टॉक मोजताना वरच्या फळीवर आठ नंबरचा एक जोड सापडला. दोन्ही उजव्या.

मामांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि एवढंच म्हणाले, “बोहल्यावर कसा चढला असंल गं त्यो?” गिऱ्हाइकाचा फोन नंबर कंपनी लपवते, त्यामुळे फोन करता येईना. जुन्या बिलावर पत्ता होता. नवा जोड, चौदाशे रुपयांची मनीऑर्डर आणि एक चिठ्ठी पोस्टानं पाठवली. उत्तर आलं नाही. मनीऑर्डर मात्र परतही आली नाही. वहीत त्या पानावर मी अजून काही लिहिलेलं नाही, फक्त लाल पेनानं चौकट केली आहे.

त्यानंतर मी भांडणं कमी आणि वही जास्त वाचायला लागले. ‘माल खराब’च्या खाली लोकांनी स्वतःच्या शब्दांत काय लिहिलंय ते एका कागदावर उतरवलं. वास येतो. घट्ट आहे. रंग एकसारखा नाही. कातड्यावर डाग आहे. म्हणजे ही तर कोल्हापुरी चपलेची ओळखच झाली! बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याला वास असतोच. ते पहिले आठ दिवस आवळतं, मग पायाचा आकार घेतं. तेल पडलं की रंग गडद होतो. जनावर जिवंतपणी कुंपणाला घासलं असेल तर त्याची रेघही राहते. दुकानात मामा हे सगळं बोलता बोलता सांगायचे. मी बारा फोटो टाकले होते आणि यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. वर फोटो एवढे उजळ केले होते की कातडं प्लॅस्टिकसारखं दिसत होतं.

तीनशे रुपयांत ‘कोल्हापुरी’ म्हणून रेक्झिनचा माल ढिगानं मिळतो. ज्यानं तोच बघितला आहे त्याला आमच्या चपलेचा वास खोटा वाटणार. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण मानांकनाची चिठ्ठी नाकाला कळत नाही.

मग माहिती नव्यानं लिहिली. नंबराऐवजी आधी कागदावर पाय ठेवून टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजा, असं सांगितलं, कारण स्पोर्ट्स शूजचा आठ आणि आमचा आठ यांचं जमत नाही. डाग असलेल्या कातड्याचा फोटो मुद्दाम टाकला. नवरा म्हणाला, “अगं, असला फोटो बघून कोण घेणार?” विक्री पहिले दोन महिने खरंच बसली. पण महिन्याला वीस-बावीस जोड परत यायचे ते सात-आठवर आले. एक जोड फिरला की दीडशे रुपये जातात, शिवाय तळ मळला तर तो नवा म्हणून विकता येत नाही. तेव्हा मला बसलेली विक्री परवडली. आषाढ-श्रावणात तर मी बरेच नमुने ‘स्टॉक नाही’ दाखवते. पावसात भिजवून बुरशी आलेली चप्पल परत घेण्यापेक्षा यादीत मागं गेलेलं बरं.

कायद्याचंही थोडं शिकले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. आणि ग्राहकाला स्वतःच्या गावच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. गुवाहाटीच्या एका बाईंनी तशी धमकी दिली तेव्हा आमचे वकील हसले. “वहिनी, चौदाशेसाठी गुवाहाटीला जाणार का? देऊन टाका.” दिले.

हिशेबाची डोकेदुखी वेगळी. परत आलेल्या प्रत्येक जोडाची क्रेडिट नोट, म्हणजे ती विक्री रद्द झाल्याची नोंद, काढावी लागते, नाहीतर न झालेल्या विक्रीवर कर भरत बसायचं. 2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. त्याआधी हजाराच्या वरच्या जोडाला 18 टक्के होता. गणपतीत 18 नं विकलेला जोड नवरात्रात परत आला की क्रेडिट नोट 18 ची, आणि बदली जोडाचं बिल 5 चं. एका बाईंनी मधला फरक मागितला. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, पण तो फरक सरकारकडे गेला होता, माझ्याकडे नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि इथं गदारोळ झाला. आम्हाला ऑर्डरी वाढल्या. कधी कोल्हापुरी न घातलेली माणसं घ्यायला लागली, आणि वहीही भरभर भरली.

परवा पुण्याहून एक जोड परत आला. कारण, ‘माल खराब’. खाली लिहिलेलं, चालताना कर्र कर्र आवाज येतो, ऑफिसात सगळे बघतात. हा वाजणारा जोड मामा महिन्याला चार-पाचच करतात. माहितीत ‘आवाज येतो’ असं मी ठळक लिहिलं आहे, त्यामुळे क्लेम टाकला तर जिंकता येईल. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, ठशाचा नंबर बघितला, पायात चपला सरकवल्या आणि पान आणायला चौकात निघाले. कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होतं.


क्लेमची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.