गडावर आलेले पाहुणे

"बाबा, ह्यांना कुठं उभं करायचं?"

सकाळी लेक शेणाचे पाच पांडव ताटलीत घेऊन दिवाळीच्या किल्ल्यापाशी उभा. समोरच्या कन्नड घरातल्या अज्जींनी पाडव्याचे म्हणून दिलेले. प्रत्येकाच्या डोक्यात शेवंतीचं फूल, आघाड्याचा तुरा. किती निगुतीनं केले होते!

यंदा आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड केलाय. तांबडी माती, उतारावर पेरलेली मोहरी आता हिरवीगार झालीय.

मी म्हटलं, "पायथ्याला ठेव. आत मावळेच शोभतात."

तो ऐकेना. "पाहुणे आलेत ना? मग बाहेर कशाला?" दोन मावळे सरकवून त्यानं पाचही जण तटाच्या आत नेले.

दिवसभर तेच मनात घोळतंय. 'पायथ्याला ठेव' हे माझ्या तोंडून इतकं सहज कसं आलं?