पिक्सेलला पिक्सेल: बत्तीस इंची टीव्हीवर जकार्डचा ग्राफ

लॅपटॉपचे चित्र टीव्हीवर आणण्याच्या कामाची ही पुढची नोंद आहे. केबल जोडली की चित्र दिसते, तेवढे काम सोपे होते. या वेळी मात्र लॅपटॉपने पाठवलेला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत छोटा ठिपका, टीव्हीच्या पॅनेलवरच्या (प्रत्यक्ष पडद्यावरच्या) एकाच पिक्सेलवर उतरावा, असे ठरवले होते. त्याला कारण आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणारे माझे मामा चादरींसाठी जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, डिझाईन संगणकावर काढतात. ग्राफमधला प्रत्येक चौकोन कोणता ताणा (उभा धागा) उचलायचा हे ठरवतो, म्हणून मोठ्या पडद्यावर एकही रेघ जाडबारीक दिसता कामा नये, अशी त्यांची अट आहे.

मामांकडचा टीव्ही बत्तीस इंची, ‘एचडी रेडी’ आहे. तो १०८०पी सिग्नल बिनतक्रार स्वीकारतो आणि घोळ इथूनच सुरू होतो. टीव्ही जो सिग्नल स्वीकारतो तो त्याच्या पॅनेलचाच असेल असे नाही. या टीव्हीचे पॅनेल १३६६ × ७६८ चे, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास पिक्सेलचे आहे. १०८०पी, म्हणजे १९२० × १०८० च्या चित्रात वीस लाखांहून अधिक पिक्सेल असतात. ते अर्ध्या जागेत बसवताना टीव्ही शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतो. चित्रपटात हे जाणवत नाही, अक्षरांत आणि ग्राफमध्ये लगेच जाणवते.

पारख करण्यासाठी एक पिक्सेल काळा, एक पिक्सेल पांढरा अशा उभ्या रेघांचे चित्र तयार केले आणि ते शंभर टक्के आकारात उघडले. १०८०पी वर रेघांऐवजी राखाडी पट्टे दिसले; ७२०पी (१२८० × ७२०) वरही ठरावीक अंतराने पट्टे उमटले आणि त्यातच चारही कडा कापल्या गेल्या. कडा कापण्याची ही सवय, म्हणजे ओव्हरस्कॅन, जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली आहे. ७२०पी आणि १०८०पी हे प्रसारणाचे मोड असल्यामुळे अनेक टीव्ही लॅपटॉपच्या सिग्नललाही तोच न्याय लावतात. ही सवय बंद करण्याचा पर्याय एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, तर सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ या नावाने सापडतो.

विंडोजच्या नेहमीच्या रिझोल्यूशन यादीत हवा तो आकडा नव्हता. डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिस्ट ऑल मोड्स’ उघडल्यावर १३६० × ७६८, ६० हर्ट्झ हा मोड मिळाला. १३६६ ला आठने भाग जात नाही आणि जुन्या ग्राफिक्स यंत्रणांना रुंदी आठच्या पटीत लागत असे, म्हणून १३६० ही तडजोड रूढ झाली. तो मोड निवडताच डावीउजवीकडे तीन-तीन स्तंभ काळे राहिले आणि मधल्या सगळ्या रेघा स्वच्छ, सुट्या दिसू लागल्या. मामांनी चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन पाहिले आणि “आता धागा मोजता येतो,” एवढेच म्हणाले. माझ्या दृष्टीने कोणत्याही मोजमापापेक्षा ही पावती मोठी आहे.

हाच प्रयोग करणाऱ्यांनी विंडोजच्या सेटिंगमधील ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमधला ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ हे दोन आकडे अवश्य ताडून पाहावेत. ते वेगळे असतील, तर चित्र लॅपटॉपमध्येच ताणले जात आहे असे समजावे आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नये. दोन्हीकडे तेच चित्र दाखवणाऱ्या ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन वाटून घ्यावे लागते, म्हणून विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडावे. टीव्हीची शार्पनेसही खाली आणावी, नाहीतर प्रत्येक काळ्या रेघेभोवती पांढरी कड उमटते.

रंगांचे काम अजून बाकी आहे. काळ्यावर लाल रेघ अजूनही किंचित फिसकटते, कारण बरेच टीव्ही उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती कमी बारकाईने हाताळतात. सोलापुरी चादरीच्या गडद लाल-हिरव्या नक्षीला ते चालणार नाही. काही टीव्हींत इनपुटचे नाव ‘पीसी’ केल्यावर रंगही पूर्ण बारकाईने उतरतात. आता हाच बदल करून, एक पिक्सेलच्या लाल आणि हिरव्या रेघांचे चित्र लावून पाहायचे आहे.